एंट्री स्क्रीन अशी बनवा की ऑपरेटरला खोटं भरावं लागणार नाही

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचं काम होतं. जन्मतारखेच्या कॉलमवर सहज ग्रुप बाय मारून (म्हणजे कुठली तारीख किती वेळा आली ते मोजून) बघितलं तर माणसांचा भलामोठा गठ्ठा १ जानेवारीला जन्मलेला निघाला. आधी वाटलं आपल्याच स्क्रिप्टमध्ये घोळ आहे, अर्धा दिवस त्यात गेला, मग शेवटी एंट्री करणाऱ्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, कागदावर नुसतं वय असतं, आणि तुमची स्क्रीन तारीख टाकल्याशिवाय पुढे सोडत नाही. मग आम्ही काय करायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. फील्ड रिकामा असला तर तो निदान रिकामा दिसतो, पण खोटा भरलेला फील्ड खऱ्यासारखाच दिसतो, आणि पुढे पाच वर्षं त्यावर रिपोर्ट निघत राहतात. त्यामुळे स्क्रीन बनवताना मी आता एकच गोष्ट धरून बसतो, की समोरच्याला जे खरं माहीत आहे ते पटकन भरता आलं पाहिजे आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही" असं सांगता आलं पाहिजे. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

आधी शेजारी खुर्ची टाकून बसा

रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट नंतर वाचा. ज्या माणसाला ही स्क्रीन वापरायची आहे त्याच्या शेजारी अर्धा दिवस गप्प बसा आणि बघा. माहिती येते कुठून, छापील चलनावरून, फोनवरून, समोर उभ्या माणसाच्या तोंडून की स्कॅनरमधून? नजर कुठे असते? कागदावरून टायपिंग करणारा माणूस स्क्रीनकडे फार कमी बघतो, म्हणजे तुम्ही उजव्या कोपऱ्यात दाखवलेला सुंदर लाल मेसेज त्याला दिसणारच नाही. एका हाताने कागद धरलेला असतो का? मध्येच फोन वाजला की अर्धवट एंट्रीचं काय होतं?

उदाहरण म्हणून आपण गोडाऊनमध्ये आलेल्या मालाची एंट्री धरू, म्हणजे सप्लायर, चलन नंबर, तारीख, मग खाली एकेक आयटमचा कोड, बॅच, नग, दर. आता चलनावर बॅच आधी आणि कोड नंतर छापलेला असेल तर स्क्रीनवरही तसाच ठेवा. डेटाबेसच्या टेबलात कॉलम कुठल्या क्रमाने आहेत याच्याशी ऑपरेटरला काही घेणंदेणं नाही. क्रम उलटसुलट असला की नजर मागेपुढे उड्या मारते आणि मग एक ओळ गाळली जाते किंवा वरच्या ओळीचा नग खालच्या ओळीला लागतो. माहिती बोलण्यातून येत असेल तर मात्र कागद विसरा, माणूस ज्या क्रमाने बोलतो तो क्रम घ्या.

आणि मोजा. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघांनी १९८० मध्ये कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल (एखादं काम करायला किती वेळ लागेल याचा बारीक हालचालींवरून अंदाज बांधायची पद्धत) मांडलं, त्यातले आकडे अजून कामाचे आहेत. सरावलेल्या माणसाला एक की दाबायला साधारण ०.२ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४, पॉइंटर टार्गेटवर न्यायला १.१, आणि मनात "आता काय" असा विचार करायला १.३५. म्हणजे एकदा माउस धरून क्लिक करून परत कीबोर्डवर यायचं म्हटलं तर २.१ सेकंद गेले. दिवसाला ३०० एंट्र्या, प्रत्येकीत चार वेळा माउस, हिशोब करा, ४२ मिनिटं होतात. रोज. मॅनेजरला "कीबोर्ड सपोर्ट हवा" असं सांगून काही होत नाही, हा आकडा सांगितला की होतं.

मग फील्डची यादी, आणि तिची कत्तल

प्रत्येक फील्डसमोर चार प्रश्न लिहा. हे पुढे नक्की कोण वापरणार? भरणाऱ्याला त्या क्षणी ते माहीत असतं का? सिस्टिमला ते आधीच माहीत आहे का, किंवा दुसऱ्या फील्डवरून काढता येतं का? आणि माहीत नसेल तर तो काय टाकेल? पहिल्या प्रश्नाला "असू दे, कधीतरी लागेल" असं उत्तर आलं की तो फील्ड काढा. भांडण होईल, होऊ दे.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. कंपल्सरी फील्डला प्रामाणिक उत्तर नसेल तर माणूस एक टिंब टाकतो, ९९९९ टाकतो, "अबक" टाकतो, पण पुढे जातोच, कारण त्याला काम संपवायचं असतं. म्हणून "माहीत नाही", "लागू नाही" आणि "अजून यायचं आहे" हे तीन पर्याय वेगवेगळे द्या, तिन्हींचा अर्थ एक नाही. शून्य आणि रिकामं यातही गल्लत नको. शून्य अंश तापमान हे खरं रीडिंग असू शकतं, रिकामं म्हणजे कोणी मोजलंच नाही. नकाशाच्या सिस्टिममध्ये ही गंमत उघड दिसते, अक्षांश-रेखांश भरले नाहीत की डिफॉल्ट ०,० पडतं आणि ती सगळी ठिकाणं आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात जाऊन बसतात. त्या जागेला लोक गमतीने नल आयलंड म्हणतात. तुमच्या डेटातली अशी बेटं समुद्रात नसतात म्हणून ती दिसत नाहीत, एवढंच.

कुठल्या माहितीला कुठला फील्ड

दोन-चार पर्याय असतील तर रेडिओ बटन द्या, सगळे एका नजरेत दिसतात. पर्याय डझनाच्या वर गेले की लांबलचक ड्रॉपडाउन नको, दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी गाळून दाखवणारा सर्च बॉक्स द्या, आणि तो कोड आणि नाव दोन्हीवर चालला पाहिजे, कारण जुन्या ऑपरेटरला कोड पाठ असतात आणि नव्याला नाव आठवतं.

ड्रॉपडाउनमध्ये पहिला पर्याय आधीच निवडून ठेवू नका. ठेवलात की सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये तोच पर्याय सगळ्यात लोकप्रिय निघेल, मग मीटिंगमध्ये कोणीतरी त्यावरून निष्कर्षही काढेल. डिफॉल्ट तिथेच द्या जिथे तो जवळजवळ नेहमी खरा असतो आणि चुकला तरी लगेच डोळ्यात येतो, जसं आवक तारखेला आजची तारीख.

तारीख हा स्वतंत्र तापाचा विषय आहे. सरावलेल्या माणसाला कॅलेंडर उघडून क्लिक करायला लावणं म्हणजे छळ, त्याला ०४०३२६ असं सलग टाइप करू द्या, टिंब-रेघा तुम्ही टाका, आणि तो फील्डमधून बाहेर पडला की शेजारी "४ मार्च २०२६, बुधवार" असं अक्षरात दाखवा. ०४/०३ म्हणजे कोणासाठी ४ मार्च आणि कोणासाठी ३ एप्रिल, अक्षरात महिना दिसला की चूक तिथल्या तिथे सापडते. आत साठवताना आणि दुसऱ्या सिस्टिमला पाठवताना आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असंच ठेवा.

नंबरच्या बाबतीत एक साधी कसोटी आहे, त्याची बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? नसेल तर तो आकड्यांनी लिहिलेला मजकूर आहे, संख्या नाही. फोन नंबर, आयटम कोड, खाते क्रमांक हे सगळे मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर पुढचे शून्य गायब होतात. ब्राउझरमधला नंबर टाइपचा इनपुट तर मी टाळतोच, कारण फोकस त्यात असताना माउसचं चाक फिरलं की काही ब्राउझरमध्ये आकडा गुपचूप बदलतो. माझ्या एका स्क्रीनवर १२ नगांचे ९ झाले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. त्याऐवजी साधा टेक्स्ट इनपुट आणि इनपुटमोड न्यूमरिक ठेवा, मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड येतो आणि भानगड होत नाही.

कोणी ९८७६ च्या मध्ये स्पेस टाकली, डॅश टाकला, नाहीतर देवनागरी आकडे टाइप केले तर ते गपचूप साफ करून घ्या, "फक्त अंक टाका" म्हणून माणसाला ओरडू नका, मशीनला जमणारं काम माणसाकडून कशाला करून घ्यायचं. नावांचंही तसंच. जगात एकच नाव असलेली, आडनाव नसलेली माणसं आहेत, त्यांना आडनाव कंपल्सरी केलंत की परत टिंब. आणि देवनागरीचा प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातो, काना-मात्रा वेगळे मोजले जातात, तेव्हा ३० बाइटच्या कॉलममध्ये फक्त १० कॅरेक्टर मावतात. "श्रीकृष्ण" लिहायलाच ९ लागतात.

मांडणी: इथे इंटरनेटवरचे सल्ले जरा जपून घ्या

"एका पानावर एकच प्रश्न, भरपूर मोकळी जागा" हा सल्ला वर्षातून एकदा फॉर्म भरणाऱ्यासाठी अगदी योग्य आहे. दिवसाला ३०० एंट्र्या करणाऱ्यासाठी तो घातक आहे. त्याला सगळं एका स्क्रीनवर, दाटीवाटीने का होईना, पण रोज त्याच जागी हवं असतं, कारण त्याची बोटं आता डोळ्यांशिवाय चालतात. वापरणारा कोण ते आधी ठरवा, दोघांना एकच स्क्रीन देऊन दोघांचेही हाल करू नका.

फील्डचं नाव फील्डच्या वर किंवा लगेच डावीकडे, आणि कायम दिसणारं. आतल्या आत फिकट अक्षरात लिहिलेलं नाव टाइप करायला लागलं की गायब होतं, मग अर्ध्यात फोन आला तर परतल्यावर कुठला फील्ड कशाचा ते कळत नाही. फील्डची रुंदी मजकुराच्या लांबीएवढी ठेवा, सहा आकडी कोडला सहा आकडी डबा, त्यानेच निम्मी माहिती मिळते. नावं लोकांच्या बोलीतली हवीत. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेत एका व्यवहारात मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून स्क्रीनवर प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड असे तीन डबे भरायला हवे होते, भरणाऱ्याने एकच भरला, तीन जणांनी तपासून मंजुरी दिली, आणि जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले. तीन माणसांनी बघूनही कळलं नाही, कारण त्या नावांवरून काही कळण्यासारखंच नव्हतं.

कीबोर्डचं सांगायचं तर टॅबचा क्रम डोळ्यांच्या क्रमाशी जुळवा, सेव्ह झाल्याबरोबर कर्सर पुढच्या एंट्रीच्या पहिल्या फील्डमध्ये आणून ठेवा, आणि एंटर की काय करणार ते एकदाच ठरवा. वेब फॉर्ममध्ये एंटर दाबलं की फॉर्म सबमिट होतो, पण न्यूमपॅडवर बसलेल्या माणसाच्या बोटाला एंटर म्हणजे "पुढचा फील्ड" असं वाटतं, मग अर्धवट एंट्र्या सेव्ह होत बसतात. एकाच चलनावर वीस आयटम असतील तर सप्लायर आणि चलन नंबर तसाच राहू द्या, फक्त खालची ओळ मोकळी करा. फील्ड भरला की आपोआप पुढे उडी मारणं मला आवडत नाही, कधी उडतं कधी नाही हे लक्षात ठेवावं लागतं आणि माणूस एक टॅब जास्त मारून बसतो.

व्हॅलिडेशन: थांबवा, विचारा, की नुसतं टिपून ठेवा

व्हॅलिडेशन म्हणजे भरलेली माहिती तपासायचे नियम, त्यातल्या प्रत्येकाला या तीनपैकी एक पातळी द्या. ३१ फेब्रुवारी अशक्य आहे, थांबवा. नेहमी ५० नग येतात तिथे ५००० आले, हे शक्य आहे पण विचित्र आहे, विचारा. पत्त्यात पिनकोड नाही, टिपून ठेवा आणि नंतर यादी काढा. सगळंच "विचारा"मध्ये टाकलं तर तिसऱ्या दिवसापासून माणूस न वाचता "हो" दाबायला लागतो.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण ८ डिसेंबर २००५ चं, टोकियो शेअर बाजारातलं. मिझुहो सिक्युरिटीजला जे-कॉम या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता, ऑर्डर गेली ६,१०,००० शेअर १ येनला विकण्याची. कंपनीचे एकूण शेअर होते जेमतेम साडेचौदा हजार! स्क्रीनवर वॉर्निंग आली होती, ती ओलांडली गेली, नंतर ऑर्डर कॅन्सल करायला गेले तर बाजाराच्या सिस्टिममधल्या दोषामुळे तीही होईना. नुकसान ४,००० कोटी येनच्या आसपास. आता आपल्या चलनाकडे बघा, नग आणि दर शेजारी शेजारी, दोन्ही नुसते आकडे. मी दोन गोष्टी करतो. एक, दोन्हींमध्ये काहीतरी वेगळं ठेवतो, नगाच्या डब्याला चिकटून एकक दाखवतो आणि दराला दोन दशांश. दुसरं, प्रश्न "खात्री आहे का?" असा विचारत नाही, "या आयटमचा मागचा दर ६१० होता, आता १ टाकलाय. बरोबर असेल तर दर पुन्हा टाइप करा" असा विचारतो. पुन्हा टाइप करायचं म्हटलं की बोट आपोआप चालत नाही, डोकं लागतं. पण हे महिन्यातून दोन-चार वेळाच येईल असं बघा, रोज आलं तर लोक मलाच खुर्चीवरून उठवतील.

कोड तुम्हीच ठरवणार असाल तर शेवटी एक चेक डिजिट जोडा, म्हणजे आधीच्या अंकांवरून काढलेला, चूक पकडणारा जादा अंक. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची पद्धत सगळ्यात सोपी, १९६० चं पेटंट, कार्ड नंबरमध्ये आजही तीच चालते. कोड आहे ४७२१. उजवीकडून पहिला अंक दुप्पट, मग एक सोडून एक. १ चे २, २ तसाच, ७ चे १४ म्हणजे १+४=५, ४ तसाच. बेरीज १३, पुढच्या दहाला ७ कमी, तर कोड झाला ४७२१७. आता ऑपरेटरने घाईत ४२७१७ टाकला तर बेरीज १७ येते, शेवटी ३ हवा होता, ७ आहे, सापडला. एखादा अंक चुकला तर ही पद्धत नेहमी पकडते, शेजारचे अंक उलटे झाले तर बहुतेक वेळा पकडते, फक्त ०९ आणि ९० मधला फरक तिला कळत नाही.

रकमांना चेक डिजिट लावता येत नाही, तिथे चलनाची छापील बेरीज वेगळी टाइप करून घ्या आणि ओळींच्या बेरजेशी ताडून बघा. फरक आला आणि त्याला ९ ने भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत, जसं ५,७४२ ऐवजी ५,४७२, फरक २७०. हिशोबाच्या जुन्या लोकांची ही युक्ती स्क्रीनवरच लिहून टाका, "फरक २७०, अंक उलटे झालेत का बघा". एवढ्याने शोधाशोध निम्मी होते.

तपासणी कधी करायची? फील्डमधून बाहेर पडल्यावर. टाइप करत असताना पहिल्याच अक्षराला "चुकीचा कोड" म्हणून लाल करणारी स्क्रीन बघितली की मला बंद करावीशी वाटते, अरे लिहू तर दे.

एरर मेसेज

थेरॅक-२५ नावाचं रेडिएशनचं मशीन होतं, १९८५ ते १९८७ मध्ये त्यावर सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर डोस गेला, काही दगावले. त्यातल्या काही घटनांत सुरुवात एंट्रीपासून झाली होती. ऑपरेटरने एक्स (एक्स-रे) टाइप केलं, चूक लक्षात आली, वर जाऊन ई (इलेक्ट्रॉन) केलं आणि बाकीच्या फील्डवर भराभर एंटर मारत खाली आली. स्क्रीनवर ई दिसत होतं, पण दुरुस्ती आठेक सेकंदांच्या आत झाली तर आतल्या भागाला ती कळतच नव्हती. मग मेसेज आला, "मालफंक्शन ५४". याचा अर्थ काय, किती गंभीर, काही नाही. असे मेसेज रोज येत असल्यामुळे पुढे जायची की दाबायची सवय झालेली होती.

त्यातून आपल्यासाठी दोन कामं निघतात. स्क्रीनवर जे दिसतं तेच आत साठलंय याची खात्री करा, म्हणजे सेव्ह झाल्यावर सर्व्हरकडून परत आलेली किंमत दाखवा, टाइप केलेली नको. आणि मेसेजमध्ये काय चुकलं, कुठे, आणि आता काय करायचं हे सांगा. "बॅच नंबर ८ अंकी हवा, तुम्ही ७ टाकलेत" एवढं पुरे. टाइप केलेलं पुसू नका, कर्सर त्याच फील्डमध्ये न्या. नुसता लाल रंग पुरत नाही, काहींना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, सोबत शब्द किंवा खूण हवी. अक्षर आणि मागच्या रंगातला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ तरी ठेवा, डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीच्या डबल-ए पातळीला साध्या मजकुरासाठी तेवढा लागतोच.

सेव्ह

नेट हळू असलं की लोक सेव्ह दोनदा दाबतात, हे गृहीतच धरा. नुसतं बटन डिसेबल करून भागत नाही, प्रत्येक फॉर्मला उघडतानाच एक युनिक नंबर द्या आणि सर्व्हरने तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद करू नये. अर्धवट एंट्री ड्राफ्ट म्हणून आपोआप राहू द्या, लॉगिन संपलं म्हणून वीस ओळी उडाल्या तर तो माणूस तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही. दोघांनी एकच रेकॉर्ड उघडलं असेल तर नंतर सेव्ह करणाऱ्याला "मध्ये हे बदललंय" असं दाखवा, गुपचूप पहिल्याचं काम पुसू नका. आणि "डिलीट करू का?" विचारण्यापेक्षा डिलीट करून टाका आणि "परत आणा" द्या.

देण्याआधी आणि दिल्यानंतर

टेस्टिंगला स्वच्छ नमुना डेटा घेऊ नका. खरे, चुरगळलेले, खाडाखोड केलेले तीस-चाळीस कागद घ्या, खऱ्या ऑपरेटरला द्या, आणि तोंड बंद ठेवून बघा. एका एंट्रीला किती सेकंद, किती वेळा मागे गेला, कुठे थांबून तुमच्याकडे बघितलं. डेटा फारच नाजूक असेल, औषधाच्या चाचणीसारखा, तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून एंट्री करून जुळवणं हा उपाय अजूनही चालतो. पंच कार्डांच्या काळात त्यासाठी व्हेरिफायर नावाचं वेगळं मशीनच असायचं, दुसरा माणूस तेच कार्ड पुन्हा टाइप करायचा आणि फरक आला की मशीन अडायचं.

स्क्रीन चालू झाल्यावर पंधरा दिवसांनी लॉग काढा. ज्या वॉर्निंगला जवळजवळ सगळे "हो" म्हणतात ती काढून टाका. मग प्रत्येक कंपल्सरी फील्डवर ग्रुप बाय मारा आणि सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पहिल्या पाच किमती बघा. टिंब, शून्य, ९९९९, यादीतला पहिला पर्याय, महिन्याची १ तारीख, यातलं काही वर तरंगताना दिसलं की त्या फील्डपाशी परत खुर्ची टाकून बसायचं. त्या जन्मतारखेच्या स्क्रीनवर आम्ही शेवटी तारीख, नुसतं वर्ष किंवा वय यापैकी जे कागदावर असेल ते टाकायची सोय केली आणि शेजारी "अंदाजे" असा एक टिक दिला. जुन्या १ जानेवारीवाल्यांचं मात्र काही करता आलं नाही, त्यात खरंच १ जानेवारीला जन्मलेले कोण हे आता कोणालाच सांगता येत नाही.